शुक्रवारचा प्रश्न

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये जो भेटेल तो मला विचारतो, "काय सिस्टर, कशा आहात?" आणि मी तोंड उघडेपर्यंत त्याचा मजला येतो. आयुष्यभर नर्सची नोकरी केली, त्यामुळे निवृत्त होऊनही मी सगळ्या बिल्डिंगची सिस्टरच. त्यांच्यावर माझा राग नाही. विचारतात तेवढं पुष्कळ झालं. पण मी ज्या घरात वाढले तिथे हा प्रश्न असा जाता जाता कुणी विचारत नसे. त्याला वार ठरलेला होता, वेळ ठरलेली होती आणि उत्तर दिल्याशिवाय सुटका नव्हती. दर शुक्रवारी संध्याकाळी माझे वडील समोर मांडी घालून बसत, थेट डोळ्यांत बघत आणि विचारत, "करुणा, तुझ्या आत्म्याचं कसं चाललंय?"

आम्ही तेव्हा कोपरला राहायचो. आत्ताचं कोपर बघून कुणाचा विश्वास बसणार नाही, पण तेव्हा स्टेशनच्या मागे थोडी घरं, मग भातशेती आणि मग थेट खाडी. आमची चाळ आवडीबायची. ती इथलीच आगरी, शेतं विकता विकता चाळवाली झालेली. आमची खोली शेवटची, खाडीच्या बाजूची. दुपारी शाळेतून आले की कुलूप मीच काढायची. आत गेलं की पहिला आवाज माठावरच्या झाकणाचा, दुसरा स्टोव्हच्या पंपाचा आणि दोन्ही मीच केलेले. बाहेर रेती काढणाऱ्या होड्यांवरून माणसं एकमेकांना हाका मारत, त्या पाण्यावरून अगदी घरात आल्यासारख्या ऐकू यायच्या. मी ते ऐकत बसायची. माझी आई आदल्या वर्षी पावसाळा संपता संपता गेली होती. पप्पा डोंबिवलीला एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत होते. कधी त्यांची नखं पिवळी असत, कधी निळी, आणि शर्टाला एक आंबट वास यायचा, तो साबणाने जात नसे. ते घरी यायचे, हातपाय धुवायचे, प्रार्थना करायचे, जेवायचे. आई होती तोवर घरात बोलणं आईमार्फत चालायचं. "तुझ्या पप्पांना विचार भात वाढू का" आणि "करुणाला सांग, दार लावून घे" असं. मधला माणूस गेला आणि बोलणंच थांबलं. वाईट नव्हते हो ते. त्यांना माझ्याशी काय बोलावं हेच कळत नव्हतं, आणि मला तरी कुठे कळत होतं! शुक्रवारच्या त्या एका प्रश्नाशिवाय आठवडाभर त्यांनी मला दुसरं काही विचारलेलं मला आठवत नाही.

आम्ही ख्रिस्ती, हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण ख्रिस्ती असूनही आम्ही इतर ख्रिस्ती लोकांसारखे का नाही, हे कुणालाच कळत नसे. माझी मैत्रीण माधुरी जोशी विचारायची, "तुमच्यात बँड नसतो? केक नसतो? मग असतं तरी काय गं तुमच्यात?" तेव्हा मला सांगता यायचं नाही. आता सांगते. आम्ही मेथॉडिस्ट, पण मोठ्या चर्चचे नव्हे. त्यातून फुटून निघालेल्या एका छोट्या, कडक मंडळीचे. पप्पा ही फुटून निघण्याची गोष्ट फार रंगून सांगत. एरवी मुका माणूस, पण ही गोष्ट निघाली की डोळे चमकायचे. फार पूर्वी अमेरिकेत म्हणे मेथॉडिस्ट लोकांच्या हातात पैसा आला आणि त्यांनी देवळातली बाकं विकायला काढली. पुढची बाकं श्रीमंतांची, नावानिशी. गरीब मागे उभे. ज्यांच्या घरी माणसं गुलाम म्हणून राबत तेही पुढच्याच बाकावर. काही उपदेशक म्हणाले, हे चालणार नाही, देवाच्या घरात बसायची जागा सगळ्यांना मोकळी पाहिजे. त्यांना हाकलून दिलं. मग त्यांनी आपली वेगळी मंडळी काढली. बाकं फुकट, कपडे साधे, अंगावर सोनं नाही, वाद्यं नाहीत, तंबाखू नाही, तमाशे नाहीत. त्यांच्यातलाच कुणी एक मिशनरी नगरकडच्या आमच्या गावापर्यंत येऊन पोचला. "तुझ्या पणजोबांनी कुठे बसायचं, कुठे उभं राहायचं, हे सगळा गाव ठरवायचा," पप्पा म्हणायचे. "आणि हा परका माणूस म्हणाला, या, कुठेही बसा. एवढंच बोलला. बाकीचं सगळं नंतर समजलं."

त्या मोकळ्या जागेपायी आमच्या अंगावरचं सगळं उतरलं. माझ्या हातात बांगडी नाही, कपाळाला टिकली नाही, कान टोचलेले नाहीत. आई मोठ्या चर्चच्या घरातली; लग्न करून आली तेव्हा तिने कानातलं काढून ठेवलं. पण कानाची भोकं बुजू नयेत म्हणून ती त्यात कडुलिंबाची काडी घालून ठेवायची, शेवटपर्यंत. मी विचारलं की म्हणायची, "असू दे गं, उगाच." पप्पांनी ती काडी कधी पाहिली नाही असं नाही. ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत, एवढंच. आवडीबायला मात्र माझे मुंडे हात बघवत नसत. पाणी भरायला गेले की ती हाक मारायची, "काय गो पोरी, जेवलीस का? हातान काय नाय, गल्यान काय नाय. तुजा बापूस बोलतो तरी का तुज्याशी?" मी हसून हंडा उचलायची. तिच्या घरच्या लग्नात हळदीला कासार आला, चाळीतल्या सगळ्या पोरींनी हात पुढे केले, आणि मी आपली मोरीपाशी उभी राहून बादली विसळत होते. बादली स्वच्छच होती. माधुरीने हिरव्या बांगड्यांचा हात माझ्यापुढे नाचवला आणि मग तिलाच वाईट वाटून तिने तो पाठीमागे घेतला. मला तो पाठीमागे घेतलेला हात जास्त लागला.

हे सगळं मी निभावलं असतं. बाहेर एकटं असलं तरी आत आपली माणसं असतात, असं आई म्हणायची. माझी अडचण अशी की आतही मी एकटीच होते. आमच्या लोकांचा विश्वास असा, की नुसता बाप्तिस्मा आणि चांगली वागणूक पुरत नाही. माणसाचा एकदा नवा जन्म व्हावा लागतो, आणि मग त्यापुढची पायरी, अंतःकरण पुरतं शुद्ध होणं, याच जन्मात, मेल्यावर नव्हे. आणि हे झालं की ते आतून कळतं. आमचा पंथ ज्यांच्यापासून सुरू झाला त्या इंग्रज उपदेशकांना एका संध्याकाळी सभेत बसले असताना छातीत ऊब जाणवली आणि त्यांना पटलं, अशी हकिगत होती. आमच्यातल्या प्रत्येकाकडे अशी आपापली हकिगत होती आणि तिला साक्ष म्हणायचे. शुक्रवारी आमच्या खोलीत जमायचो त्या बैठकीला आम्ही वर्ग म्हणायचो. पप्पा वर्गाचे पुढारी. ते एकेकाला प्रश्न विचारत आणि जो तो आपल्या आत काय चाललंय ते सांगे. थोरात मावशी, सरकारी दवाखान्यातल्या आया, त्या सांगताना रडत. यशवंत मामा गँगमन, त्यांना रुळांवर चालता चालता ऊब आली होती. ऊब, ऊब, ऊब! माझी पाळी आली की मी म्हणायची, "बरं चाललंय, प्रार्थना करते." पप्पा मान हलवत. त्यांना ते उत्तर पुरत नव्हतं हे मला दिसायचं.

त्या वर्षी नाताळाच्या आधी विठ्ठलवाडीला प्रीतिभोजन होतं. चर्चमध्ये पाव आणि द्राक्षरस देतात ते प्रभुभोजन वेगळं, हे आमच्या लोकांचं जुनं चालत आलेलं. पाव आणि पाणी एवढंच जेवण. पाव एकमेकांना तोडून द्यायचा आणि एकेकाने उठून साक्ष द्यायची. माझ्या वयाच्या मुलांना त्या दिवशी पक्के सभासद करून घेत. पण त्याआधी उभं राहून आपली साक्ष सांगावी लागे. आईने दवाखान्यात पप्पांचा हात धरून म्हटलं होतं, "करुणाला मंडळीत घ्या. ती एकटी पडायला नको." मी तिथेच पायाशी बसले होते. त्यामुळे पप्पांनी काही म्हटलं नाही तरी ते कशाची वाट बघतायत हे मला ठाऊक होतं. साक्ष दिली तर मी त्यांच्यातली, नाही दिली तर कुणाचीच नाही, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. थोरात मावशी भल्या बाई. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, चार वाक्यं बोलायची. मी शिकवते. पाठ कर." पण जी गोष्ट खरी असावी म्हणूनच सगळा खटाटोप, ती पाठ करून सांगायची? माझं टाळकं फिरलं. मी म्हटलं, "नको मावशी, मी वाट बघते." आणि खरंच वाट बघायला लागले. दुपारी दार लावून छातीवर हात ठेवून बसायची. होड्यांच्या हाका ऐकू यायच्या. आत काही नाही. डोंबलाची ऊब!

आणि मग एक दिवस ती आली. शाळेतून येताना अंगात काहीतरी सरसरून गेलं. घरी येऊन बसले तर छातीत ऊब, गालांवर ऊब, डोळ्यांत पाणी, सगळं अगदी यशवंत मामांनी सांगितलं तसंच. थोडं थरथरायलाही झालं. म्हटलं, असंच असणार. मी गुडघे टेकले, देवबापाचे आभार मानले आणि पप्पांची वाट बघत दारात बसले. ते गल्लीच्या तोंडाशी दिसताच मी धावले. "पप्पा, आली! ऊब आली!" पप्पांच्या हातातली पिशवी खाली पडली. इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी त्याआधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही. त्यांनी दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले, आशीर्वाद द्यायला. मग एक हात हळूच कपाळावर आला. मग गळ्यापाशी. मग ते म्हणाले, "करुणा, तुला ताप आहे."

मलेरिया निघाला. खाडीकाठी राहणाऱ्याला दुसरं काय होणार! माझ्या नोकरीत पुढे तापाचे हजारो पेशंट आले. थंडी वाजून कुणी दातावर दात आपटायला लागलं की मला हटकून माझा नवा जन्म आठवायचा आणि हसू यायचं. तेव्हा हसले नाही. गोधडीत तोंड लपवून रडले. पप्पांनी कंपनीत रजा टाकली. कडू गोळ्या, मऊ भात, कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी. पट्टी बदलताना त्यांचा निळ्या नखांचा हात कपाळावर थोडा वेळ तसाच राहायचा. मला वाटायचं, ताप उतरू नये. हे मी आज स्पष्ट लिहिते, कारण एवढ्या वर्षांत ते कुणाला सांगितलं नाही. ताप उतरला तसा तो हातही गेला. पप्पा कामावर जायला लागले, मी शाळेत, आणि शुक्रवार आला.

प्रीतिभोजनाच्या आधीचा तो शेवटचा शुक्रवार. थोरात मावशी, यशवंत मामा, त्यांची बायको, सगळे चटईवर. स्टोव्हवर चहाचं आधण, ताटलीत खारी. पप्पांनी एकेकाला विचारलं. मग माझ्याकडे वळले. "करुणा, तुझ्या आत्म्याचं कसं चाललंय?"

"काहीच चाललेलं नाही, पप्पा," मी म्हटलं. "मी रोज बघते. आत काही नाही. कुणी बोलत नाही."

मावशींनी चुकचुक केलं. पप्पा म्हणाले, "प्रार्थना करत राहा," आणि पुढचं गाणं काढायला वळले. का कोण जाणे, मला तेव्हा दिसलं की प्रश्न चटईवरून सगळीकडे फिरतो आणि पप्पांपाशी येऊन संपतो. पुढाऱ्याने विचारायचं, इतरांनी सांगायचं. आई असताना ती वर्ग संपल्यावर कप उचलता उचलता हळू आवाजात त्यांना विचारायची; मी ऐकलेलं होतं. आई गेल्यावर कोण विचारणार? मला खोडसाळपणा करायचा नव्हता, रागही नव्हता. तोंडातून निघून गेलं. "आणि तुमचं, पप्पा? तुमच्या आत्म्याचं कसं चाललंय?"

आधण उतू गेलं, स्टोव्ह फसफसला, पण उठलं कुणी नाही. यशवंत मामा म्हणाले, "अगं पोरी, पुढाऱ्याला असं विचारतात होय!" पप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले आणि इतकी छोटी प्रार्थना केली की लोकांना आमेन म्हणायचं सुचलं नाही. चहा न घेताच सगळे गेले. पप्पा भिंतीकडे तोंड करून झोपले. शनिवारचा सगळा दिवस ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, झालं, होतं नव्हतं तेही गेलं. आवडीबायने नळावर विचारलं, "जेवलीस का गो?" आणि मी तिथेच हंड्यावर डोकं टेकून रडले. ती बिचारी घाबरली. तिने मला दोन तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली. रात्री आम्ही दोघांनी तेच खाल्लं.

विठ्ठलवाडीचा आमचा हॉल फर्निचरच्या कारखान्यावर होता. खाली दिवसभर खुर्च्या बनत आणि वर आम्ही चटईवर बसत असू. पॉलिशचा वास भजनांत मिसळायचा. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, मधून जायला वाट. कुठेही बसा म्हणणाऱ्या आमच्या मंडळीत ही वाट मात्र कुणी ओलांडत नसे. पप्पांची जागा पुढे, पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, शेजारी. मी बायकांच्या बाजूला सगळ्यात मागे, दाराशी. प्रीतिभोजन सुरू झालं. लादीपावाच्या परड्या फिरल्या, पितळी तांब्यांतून पाणी फिरलं. बायकांनी एकमेकींना पाव तोडून दिला. माझ्या शेजारी कुणी नव्हतं, त्यामुळे माझा पाव माझ्या हातात तसाच. साक्षी सुरू झाल्या. माझ्या बरोबरीचा एक मुलगा उठला, अडखळत बोलला, सगळ्यांनी "प्रभूची स्तुती असो" म्हटलं. मग पाळकसाहेब म्हणाले, "करुणा शांतवन साळवे."

मी उभी राहिले. मावशी पुढून वळून ओठांनी मला ती चार वाक्यं सांगत होत्या. मला ती सगळी पाठ होती; ऐकून ऐकून झाली होती. मी पप्पांकडे बघितलं. ते खाली बघत होते.

"माझी साक्ष नाही," मी म्हटलं. "अजून नाही." आणि बसले.

कुणी काही रागावलं नाही. पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "देव वेळ देईल, बाळ. साळवे, तुम्ही तिचे वडील आणि तिचे पुढारी. तुम्हाला काही बोलायचंय?"

पप्पा उठले. "पाळकसाहेब, शुक्रवारी माझ्या मुलीने मला एक प्रश्न विचारला," ते म्हणाले. "मला उत्तर देता आलं नाही. आज देतो. हिची आई गेल्यापासून माझ्या आतही कुणी बोलत नाही. मी नुसता विचारत फिरतोय. ज्याची आजची साक्ष नाही त्याने वर्ग चालवू नये, हा आपलाच नियम. मी खाली बसतो."

हॉलमध्ये एकदम कुजबुज झाली. कुणीतरी "साळवे, अहो साळवे" म्हणालं. पप्पा पुढची जागा सोडून निघाले. मला वाटलं, पुरुषांच्या बाजूला शेवटी जाऊन बसतील. ते चालत मागे आले, मधल्या वाटेपाशी थांबले, ती ओलांडली आणि बायकांच्या बाजूला, दाराशी, माझ्या शेजारी येऊन मांडी घालून बसले. मावशींनी पदर तोंडाला लावला. पाळकसाहेबांनी पाहिलं, आणि त्या माणसाचे मी आजन्म उपकार मानते, ते काही बोलले नाहीत. त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

माझी ऊब पुढेही आली नाही. पप्पांची परत आली की नाही ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्ही मात्र रविवार चुकवले नाहीत. दोघं दाराशी बसायचो, कच्चे सभासद. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शुक्रवारी संध्याकाळी मी अजून दोन कप चहा टाकते आणि मग एक ओतून देते. सवय, दुसरं काय.

पण त्या दिवशी काय झालं ते पुरतं सांगते. पप्पांनी आपल्या हातातला पाव तोडला आणि अर्धा मला दिला. मी माझा तोडून त्यांना दिला. पुढे कुणीतरी रडत साक्ष देत होतं. पप्पा माझ्याकडे झुकले आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी मला त्या एका प्रश्नाशिवाय दुसरं काही विचारलं.

"घरी जाऊन पिठलं करायचं का?"

त्यांच्या पिठल्यात गुठळ्या व्हायच्या. मी म्हटलं, "तुम्ही करा."